अ‍ॅन्झॅक बिस्किटांचा पापड होतोय? आधी चमचा तपासा

एप्रिल उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. २५ तारखेचा अ‍ॅन्झॅक डे, म्हणजे इथला युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस, जवळ आलेला असतो, शाळेतून बेक सेलची चिठ्ठी आलेली असते आणि मेलबर्नमधल्या आमच्या मराठी आयांपैकी कुणीतरी मला फोटो पाठवते. फोटो उघडायच्या आधीच मला ठाऊक असतं त्यात काय असणार ते. ट्रेभर पसरलेली एकच तपकिरी पोळी, कडांना जाळी पडलेली, मधे पिवळट, आणि खाली "अगं, हे काय झालं?"

हे मी इतक्यांदा निस्तरलंय की आता तेच तेच टाइप करायचा कंटाळा आलाय. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

ज्यांना ही बिस्किटं नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. रोल्ड ओट्स, मैदा, सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस, साखर, बटर, गोल्डन सिरप (साखरेचा मधासारखा दाट पाक), खायचा सोडा आणि उकळतं पाणी. अंडं नाही, त्यामुळे माझ्या सासूबाईही आवडीने खातात. नाव पडलं ते पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या फौजेवरून. घरच्या बायकांनी करून सैनिकांना पाठवलेली बिस्किटं, अशी गोष्ट इथे सगळे सांगतात. ती अर्धीच खरी. सैनिकाच्या रोजच्या शिध्यात यायचं ते बिस्कीट वेगळं, फरशीसारखं टणक. ते भिजवून किंवा किसून लापशी करत, नाहीतर दात धोक्यात. काहींनी तर त्यावरच चार ओळी खरडून ते घरी पोस्टाने धाडलं, आणि तशी बिस्किटं कॅनबेराच्या युद्धस्मारकात जपून ठेवलेली आहेत. त्याच किनाऱ्यावर आपल्याकडच्या डोंगरी तोफखान्याच्या तुकड्या आणि खेचरवालेही होते. बिस्किटांना विटलेले गोरे सैनिक त्यांच्या चपात्यांवर ताव मारायचे. ओट्सची गोड बिस्किटं काही प्रमाणात पाठवली गेली, पण बरीचशी मागे घरीच, जत्रांमधून विकून युद्धासाठी पैसा उभा करायला वापरली गेली.

आता हे पुराण बिघाडाच्या पोस्टमध्ये कशाला? कारण अंडं नसल्यामुळे या बिस्किटाला धरून ठेवायला सिरप, बटर आणि त्यातली साखर एवढंच आहे. ते प्रमाण जरा हललं की बिस्किटाचा एक तर पापड होतो नाहीतर भुगा. मधला रस्ता फार अरुंद आहे.

लक्षणं

आपला बिघाड कुठल्या घरातला, ते आधी ओळखा.

पापड: गोळे ट्रेवर ठेवल्यावर ५-६ मिनिटांतच वितळल्यासारखे पसरतात, एकमेकांत मिसळतात. कडा करपतात, मध्य कच्चा. गार झाल्यावर कडा काचेसारख्या तुटतात.

भुगा: मिश्रण वळतच नाही. मुठीत दाबलं की बेसनाच्या लाडवासारखं धरायला हवं, पण हे ओट्ससकट सुटं पडतं. दाबून-दाबून भाजलं तर ठेवलं होतं त्याच आकाराचं बाहेर येतं, आणि चावलं की कोरडं पीठ तोंडात.

तिसरं, चिवट-मऊ: आकार छान, रंग छान, पण दुसऱ्या दिवशी चामडं.

आणि एक लक्षण जे बिघाडच नव्हे: ओव्हनमधून काढल्यावर बिस्कीट मऊ लागणं. ते मऊच असतं. त्यातली साखर आणि सिरप गार होताना घट्ट होतात. "अजून कच्चं आहे" म्हणून परत आत ढकललं की तिथेच खेळ संपतो. कडा सोनेरी झाल्या की काढा, ट्रेवरच १० मिनिटं राहू द्या, मग जाळीवर घ्या. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी कितीतरी एवढ्यावरच मिटतात. म्हणून ही पहिली तपासणी, खर्च शून्य.

ट्रे गरम होता का?

पहिली खेप छान, दुसरीचा पापड. असं झालं तर रेसिपीला हात लावू नका. दुसऱ्या खेपेचे गोळे तुम्ही तापलेल्या ट्रेवर ठेवलेत. खालून बटर लगेच वितळतं आणि ओव्हनची उष्णता कडा धरायच्या आत गोळा बसतो. ट्रे नळाखाली गार करून पुसा, किंवा दोन ट्रे आलटून पालटून वापरा. ट्रेला तूप-बटर चोळू नका, बेकिंग पेपर पुरे. चोपडलेल्या ट्रेवर गोळा घसरतो. अंतर निदान तीन बोटं ठेवा.

चमचा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं पहिलं वर्ष याच्यामुळे वाया गेलं.

शेजारी न्यूझीलंडच्या एक वयस्क बाई राहायच्या. त्यांनी मला त्यांच्या आईची रेसिपी स्वतःच्या हाताने लिहून दिली होती. सिरप दोन टेबलस्पून, पाणी दोन टेबलस्पून. मी अक्षरन् अक्षर पाळलं. पहिल्या वेळी पापड. दुसऱ्या वेळी मैदा चाळून घेतला, तरी पापड. तिसऱ्या वेळी रात्री अकराला पिझ्झा कापायच्या चाकाने त्या पोळीचे चौकोन पाडले आणि शाळेत "हे आमच्याकडे असंच करतात" म्हणून खपवले.

पुढच्या आठवड्यात बाई चहाला आल्या, तेव्हा मी रडगाणं गायलं. त्या उठून घरी गेल्या आणि स्वतःचा मापाचा चमचा घेऊन आल्या. माझा चमचा नळाखाली काठोकाठ भरला आणि तो त्यांच्या चमच्यात ओतला. पाणी भरून वाहिलं, ओट्यावरून थेट माझ्या पायावर. बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या भुवया वर.

गोम अशी आहे: ऑस्ट्रेलियाचा अधिकृत टेबलस्पून २० मिलिलिटरचा, म्हणजे चार टीस्पून. न्यूझीलंडचा १५ चा, तीन टीस्पून. भारतात मिळणारे चमच्यांचे संच १५ चेच, ब्रिटन-अमेरिकेतलेही जवळपास तेवढेच. म्हणजे न्यूझीलंडच्या रेसिपीत माझ्या चमच्याने सिरप आणि पाणी दोन्ही तिसऱ्या हिश्श्याने जास्त पडत होतं. पापड होणार नाही तर काय होईल?

आणि याच्या बरोब्बर उलट माझ्या पुण्याच्या आतेबहिणीचं. तिने ऑस्ट्रेलियन रेसिपी धरली आणि १५ चा चमचा वापरला. व्हिडिओ कॉलवर परात दाखवून म्हणाली, "ताई, हे लाडू वळतच नाहीयेत गं, चिवडा झालाय." सिरप ५६ ग्रॅमच्या जागी ४२ पडलं होतं, पाणीही तसंच कमी. एकच आजार, दोन तोंडं.

तपासायला काही विकत आणायला नको. टीस्पून सगळीकडे ५ मिलिलिटरचा. टीस्पूनने पाणी मोजत मोठा चमचा भरा. तीनमध्ये भरला तर १५, चारमध्ये भरला तर २०. दांड्यावर आकडा कोरलेला असेल तर तोही बघा, कारण इथल्या दुकानांतही बाहेरून आलेले १५ चे संच सर्रास मिळतात. ऑस्ट्रेलियात घेतला म्हणजे २० चाच, असं धरून चालू नका. मग रेसिपी कुठली ते बघा. जेवणातला सूप प्यायचा चमचा किंवा आमटीचा पळा घेऊन अंदाजपंचे करणार असाल तर पुढचं वाचू नका.

कपाचाही घोळ आहे, पण छोटा. इथला कप २५० मिलिलिटर, अमेरिकन साधारण २४०. खरा फरक कप कसा भरता त्यात पडतो. मैद्याच्या डब्यात कप खुपसून दाबून भरला तर दीडशे ग्रॅमच्याही वर जातो, चमच्याने हलका भरला तर सव्वाशेच्या आसपास राहतो. म्हणून मी आता वजनावरच करते:

मैदा १५० ग्रॅम, रोल्ड ओट्स १००, ब्राउन शुगर १५०, खोबऱ्याचा कीस ६५, बटर १२५, गोल्डन सिरप ५५, उकळतं पाणी ३० मिलिलिटर, सोडा सपाट अर्धा टीस्पून. २५ ग्रॅमचे सव्वीस-सत्तावीस गोळे होतात. १६० अंश, १२ ते १४ मिनिटं.

सिरप मोजताना पातेलंच काट्यावर ठेवून शून्य करा आणि थेट त्यात ओता. चमच्याला चिकटून राहिलेलं सिरप हाही हिशेबातला तोटा असतो.

ओट्स आणि खोबरं

पाकिटावर काय लिहिलंय ते बघा. आपल्याला जाड, अख्खे चपटवलेले रोल्ड ओट्स हवेत. भारतात नाश्त्यासाठी मिळतात ते बहुतेक झटपट शिजणारे, बारीक तुकड्यांचे. ते पाणी पटकन ओढून घेतात, मिश्रण कोरडं पडतं आणि बिस्कीट केकसारखं फुसकं होतं. तेच हाताशी असतील तर १०० ऐवजी ८५ ग्रॅम घ्या. मसाला ओट्सचं पाकीट मात्र कृपा करून नको. हे मला लिहावं लागतंय, म्हणजे काय ते समजा.

खोबरं सुकं हवं. ओल्या नारळाचा चव घालून करंजीसारखी चव येईल असं वाटतं, पण त्याचं पाणी मिश्रणात उतरतं आणि पुन्हा पापड. आपली खोबऱ्याची वाटी किसून घेतलीत तरी छान, फक्त ते जास्त तेलकट असतं म्हणून बटर १० ग्रॅम कमी करा. खोबरं या बिस्किटात नंतर आलं, सुरुवातीच्या पाककृतींत ते नव्हतंच. त्यामुळे घरात कुणाला चालत नसेल तर गाळून तेवढेच ओट्स वाढवलेत तरी पाप नाही.

सोडा

सोड्याची पुडी फडताळात किती वर्षं आहे? चिमूटभर सोड्यावर लिंबू पिळा. लगेच सणसणीत फेस आला तर ठीक. नुसता उसासा टाकला तर फेकून द्या.

इथे सोडा फुगवण्यापुरता नाही. गोल्डन सिरप किंचित आंबट असतं, त्याच्याशी गाठ पडून बुडबुडे येतात, आणि शिवाय सोड्यामुळे रंग लवकर चढतो. म्हणूनच "जरा जास्त घातला तर बरं" हा विचार महागात पडतो: बिस्कीट पसरतं, काळपट होतं, आणि मागाहून साबणासारखी चव येते. सोडा उकळत्या पाण्यात विरघळवून मग बटर-सिरपमध्ये घालायचा. दुधासारखा भसकन वर येतो, तेव्हा पातेलं मोठं घ्या, उतू गेलेलं गरम सिरप हाताला चिकटलं तर कातडी सोलवटते. लहान मुलं ओट्याजवळ नकोत. फेस आला की लगेच कोरड्या मिश्रणात ओता. दाराची बेल वाजली म्हणून गेलात आणि दहा मिनिटांनी आलात तर फेस बसलेला असतो.

बेकिंग पावडर म्हणजे सोडा नव्हे. अदलाबदल करू नका.

बटर किती तापलं?

वितळलं की बंद. बटरमध्ये पाणी असतं. ते खळाखळा उकळलं तर पाणी उडून जातं आणि मिश्रण भुग्याकडे झुकतं. तुपाने करायचा मोह होतो, मलाही झाला होता. तुपात पाणी नाहीच, आणि चव थेट नानकटाईकडे जाते. नानकटाई मला प्रिय आहे, पण तो वेगळा पदार्थ. तिथे तूप फेसायचं असतं, इथे बटर वितळवायचं. मीठ घातलेलं पिवळं बटर चालतं, वरून मीठ घालू नका.

मिश्रण गरम असतानाच गोळे करून आत सारणं हेही पसरण्याचं एक कारण. पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवा. तेवढ्यात ओट्स ओलावा पितात आणि बटर जरा आळतं. पापडाची तक्रार असेल तर वळलेले गोळे अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून बघा.

गोल्डन सिरपऐवजी काय घातलं?

इथे दुकानात मिळतं, भारतात ते शोधावं लागतं, म्हणून लोक मध घालतात. मधाने बिस्कीट लवकर लाल होतं आणि मऊ राहतं, म्हणून ओव्हन १० अंश उतरवा. माझा कौल काकवीला. कोल्हापूर-सांगलीकडची चांगली, घट्ट काकवी आणा. पातळ असेल तर आधी पातेल्यात आटवून मधाइतकी दाट करा, मग गार करून वजन करा. चव गडद होते, पण या बिस्किटाला ती शोभते. गूळ पाण्यात विरघळवून घातलात तर पाणी किती गेलं याचा हिशेब राहत नाही, आणि आपण परत पापडावर येतो.

एकच बिस्कीट भाजा

इथवर सगळं तपासलं आणि तरी खात्री नाही? सगळा घाणा आत ढकलू नका. एकच गोळा भाजा. पसरला तर उरलेल्या मिश्रणात एक चमचा मैदा घाला, परत एक भाजा. भुगा होत असेल तर एक टीस्पून उकळतं पाणी शिंपडा. बारा मिनिटं जातात, पण सव्वीस वाचतात. पोहे वाढायच्या आधी चव बघतोच की आपण.

दुसऱ्या दिवशी चामडं होण्याचा उपायही इथेच सांगते: सिरप हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे मुंबईच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. पूर्ण गार झाल्यावर हवाबंद डब्यात. मऊ पडलीच तर १५० अंशावर ५-६ मिनिटं, परत खुटखुटीत. (कुरकुरीत बरोबर की मऊ बरोबर यावर इथल्या घराघरांत भांडणं आहेत. मी कुरकुरीतवाली. मऊ हवी असतील तर दोन मिनिटं आधी काढा आणि आमच्याकडे आणू नका.)

शेवटी ओव्हन

आता राहिला ओव्हन. सगळ्यात शेवटी, कारण तिथे खर्च आहे.

ओव्हनचा आकडा आणि आतली उष्णता यांचं पटतंच असं नाही. ओव्हन थंड असेल तर कडा धरायच्या आत बटर वितळून गोळा पसरतो. जास्त गरम असेल तर कडा काळ्या, पोट कच्चं. पंख्याचा ओव्हन असेल तर रेसिपीच्या आकड्यातून २० वजा करा. भारतातल्या ओटीजीत वरचा रॉड बंद ठेवा, खालचाच चालू, ट्रे मधल्या खाचेत, आणि दिवा विझल्यावरही आणखी दहा मिनिटं तापू द्या.

फुकटची परीक्षा: फॉइलच्या वाटीत चमचाभर पांढरी साखर घेऊन १७५ अंशावर १५ मिनिटं ठेवा. साखर वितळायला लागते ती १८६ अंशांच्या आसपास. १७५ लाच तिचा पाक व्हायला लागला तर तुमचा ओव्हन दाखवतो त्याहून गरम आहे. मग १९५ वर दुसरी वाटी ठेवा. तरी कोरडीच राहिली तर थंड आहे. नेमका आकडा हवा तर ओव्हनमध्ये टांगायचा छोटा तापमापक घ्या, वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवून बघा. १०-१५ अंशांचा फरक असेल तर मनातल्या मनात वजाबाकी करायची, दुरुस्ती कशाला?

दाराचा रबर फाटला असेल तर तो मात्र बदलून घ्या. कागदाचा कपटा दारात धरून दार बंद करा. कपटा सहज ओढता आला तर गरम हवा तिथूनच पळते आहे.

इथे थांबा

तापमानात ३०-४० अंशांचा फरक, किंवा एकाच खेपेत कधी गरम कधी थंड. रॉड एका बाजूलाच लाल होणं. ओव्हन लावला की घरातला एमसीबी पडणं. धातूला हात लावल्यावर मुंग्या. यातलं काहीही दिसलं तर मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. यूट्यूब बघून मागचं झाकण उघडू नका. इथे ऑस्ट्रेलियात तर परवाना नसताना घरातल्या वायरिंगला हात लावणं कायद्यानेही चालत नाही. गॅस ओव्हनची ज्योत निळीऐवजी पिवळी असेल तर गॅसवाल्याला बोलवा. वास येत असेल तर आधी गॅस बंद, खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणाला हातही नको, आणि फोन घराबाहेर जाऊन.

आणखी एक ठिकाण जिथे माझी अक्कल थांबते. कुणाला सीलिअ‍ॅक आजार (गव्हातलं ग्लूटेन शरीराला न चालणं) असेल तर "मैद्याऐवजी तांदळाचं पीठ घालून देते" असं परस्पर ठरवू नका. ओट्सही इथे ग्लूटेनमुक्त म्हणून विकता येत नाहीत. त्यांच्या डॉक्टरला किंवा आहारतज्ज्ञाला विचारायचं, मला नाही.

आणि बेक सेलच्या पलीकडे जाऊन खरोखरच विकायचा विचार असेल तर "अ‍ॅन्झॅक" शब्दावर ऑस्ट्रेलियात १९२१ पासून सरकारी पहारा आहे हे लक्षात ठेवा. मूळ पाककृती आणि आकार पाळला तर बिस्कीट म्हणून विकता येतं. चॉकलेट चिप्स घालून, किंवा नुसतं कुकी म्हणूनही, हे नाव लावता येत नाही.

आत्ता, या क्षणी, ट्रेवर पापड असेल तर तो गार व्हायच्या आत स्टीलच्या वाटीची कड दाबून गोल कापून घ्या. दोन मिनिटांत घट्ट होईल, मग नाही जमणार. कडेचे तुकडे आमच्याकडे श्रीखंडावर जातात.